पिन बसली, पण अडॅप्टर जुळला का?

काही वर्षांपूर्वी मी एक धडधाकट राउटर एका सेकंदात संपवला. त्याचा अडॅप्टर सापडत नव्हता. ड्रॉवरमध्ये काळ्या वायरींचा गुंता होता, त्यातून हाताला लागला तो अडॅप्टर ओढला. पिन राउटरच्या मागे अगदी बरोबर बसली. बटण दाबलं, ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि मागोमाग जळक्या प्लास्टिकचा वास. राउटरला १२ व्होल्ट लागत होते आणि मी लावला होता जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर.

लॅपटॉपचा चार्जर बंद पडला की बहुतेक जण हीच चूक उलट्या बाजूनं करतात. जुनी पिन समोर धरतात, तशीच दिसणारी शोधतात, ती बसली की काम झालं असं समजतात. पण पिनेचा आकार वेगळा आणि आत काय वाहतंय ते वेगळं. पिन बसते का, हा प्रश्न विचारायचाच, पण सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक शंका फेडून घ्या: गेलाय तो खरंच अडॅप्टरच का? विटेसारख्या त्या डब्यापासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जाणारी वायर बऱ्याच अडॅप्टरमध्ये सुटी निघते. पुष्कळदा तीच आतून तुटलेली असते आणि लोक अख्खा अडॅप्टर बदलतात. ती वायर दुसरी लावून बघा. अडॅप्टरवर दिवा असेल तर अजून एक खूण मिळते. नुसता सॉकेटला लावल्यावर दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो, असं होत असेल तर संशय लॅपटॉपवर घ्यायचा. बहुधा आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. तसं असेल तर नवा अडॅप्टरही तसाच विझेल. आणि पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होत असेल, तर एकतर पिनेच्या मानेपाशी वायर तुटली आहे किंवा लॅपटॉपमधला जॅक ढिला झालाय.

अडॅप्टरच गेलाय हे नक्की झालं, की त्याच्या पोटावरचं लेबल वाचायचं. अक्षरं मुंगीएवढी असतात, तीही राखाडी रंगात. सरळ मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून बघा. बाकीचा मजकूर आणि शिक्क्यांची गर्दी सोडून द्या, दोनच ओळी कामाच्या. एक इनपुटची: १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १.५ अँपिअर, असं काहीतरी. ही भिंतीकडची बाजू. दुसरी आउटपुटची: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. ही लॅपटॉपकडची. आउटपुटच्या व्होल्टपुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असं चिन्ह असतं, म्हणजे डीसी. इनपुटपुढे लाटेसारखी नागमोडी रेघ असते, म्हणजे एसी. घाईत लोक इनपुटमधले १.५ अँपिअर उचलतात आणि ‘दीड अँपचा अडॅप्टर द्या’ म्हणतात. लेबलच पुसलं गेलं असेल तर लॅपटॉप उलटा करा. त्याच्या पाठीवरही बहुतेक वेळा लागणारे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात.

आता व्होल्टकडे वळू. लॅपटॉपला १९-२० व्होल्टच का लागतात? बॅटरीतला लिथियमचा एक सेल पूर्ण भरतो तेव्हा साधारण ४.२ व्होल्टवर असतो. असे चार सेल एकापुढे एक जोडले की झाले १६.८. ते भरायचे तर बाहेरून येणारा दाब त्याहून थोडा वर हवा. म्हणून गोल पिनेच्या बहुतेक अडॅप्टरवर १८.५, १९, १९.५ किंवा २० यातलाच एखादा आकडा दिसतो. बॅटरी प्रत्यक्षात भरण्याचं काम मात्र अडॅप्टर करतच नाही. खरा चार्जर लॅपटॉपच्या आत, मदरबोर्डवर असतो. बाहेरची वीट त्याला फक्त ठरलेल्या दाबानं वीज पुरवते. आपण सगळे तिलाच चार्जर म्हणतो, मीही म्हणतो, पण हा फरक लक्षात राहिला तर पुढचं सगळं सोपं जातं.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. इथे ‘जवळपास’ या शब्दाला जागा अर्ध्या व्होल्टची. १९.५च्या जागी १९चा अडॅप्टर लावला तर सहसा काही बिघडत नाही, कारण चांगल्या अडॅप्टरमधून निघणारा दाबही लोडप्रमाणे थोडा वरखाली होतच असतो आणि लॅपटॉप त्या हिशेबानंच बनवलेला असतो. पण १९.५च्या लॅपटॉपला १२ व्होल्ट दिले तर तो बहुधा ढिम्म बसून राहील. आणि १६च्या लॅपटॉपला २० दिले तर माझ्या राउटरसारखी गत होऊ शकते. हे १६ आणि २० काल्पनिक आकडे नाहीत. थिंकपॅड मालिकेतले जुने लॅपटॉप १६ व्होल्टवर चालत, पुढची मॉडेल्स २०वर गेली. त्या वेळी पिनच बदलली, म्हणजे नवा अडॅप्टर जुन्या यंत्रात घुसूच नये. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांमध्ये अशी अडवणूक कोण करणार? जास्त व्होल्ट आले तर तोडणारं संरक्षण काही लॅपटॉपमध्ये असतं. आपल्या लॅपटॉपमध्ये ते आहे का, याची परीक्षा घेऊ नका.

अँपिअरच्या बाबतीत नियम उलटा, आणि गैरसमजही इथेच जास्त. ‘माझा ३.३४चा होता, हा ४.६२चा आहे, जास्त करंट जाऊन लॅपटॉप जळेल का?’ नाही जळणार. लेबलवरचे अँपिअर म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो याची मर्यादा. प्रत्यक्षात किती घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो. आडात पाणी कितीही असलं तरी वर येतं ते पोहऱ्याच्या मापानंच. म्हणून अँपिअर जुन्याइतके किंवा त्याहून जास्त असले की झालं. उलट मोठा अडॅप्टर त्याच कामाला कमी ताणात चालतो.

कमी अँपिअरचा घेतला तर मात्र आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ९० वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ६५चा अडॅप्टर लावला तर पहिले दोन दिवस कदाचित काही जाणवणार नाही. मेल वाचताना, टायपिंग करताना लॅपटॉप फारसं खातच नाही. मग एके दिवशी बॅटरी रिकामी असताना व्हिडिओ एडिट करायला बसता. बॅटरी भरायची, प्रोसेसर पळवायचा, पंखा फिरवायचा, सगळी मागणी एकदम येते. बऱ्यापैकी अडॅप्टर असेल तर तो बंद होतो, परत सुरू होतो, परत बंद, आणि चार्जिंगचा दिवा लुकलुकत राहतो. फालतू असेल तर बंद न होता तापत जातो, आणि हे त्याहून वाईट.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढंच. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडून बघा: १८.५ गुणिले ३.५, १९ गुणिले ३.४२, १९.५ गुणिले ३.३४, २० गुणिले ३.२५. चारही उत्तरं ६५च्या आसपास येतात. म्हणजे ‘६५ वॅटचा चार्जर’ एवढं सांगून भागत नाही, तो चार वेगवेगळ्या व्होल्टचा असू शकतो. हाच गुणाकार लबाडी पकडायलाही कामी येतो. डब्यावर ठळक ‘९० वॅट’ आणि लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असेल तर त्या डब्यावरच्या इतर कुठल्याही दाव्यावर विश्वास ठेवू नका. साध्या लॅपटॉपना ४५ ते ९० वॅट पुरतात. गेमिंगचे लॅपटॉप १८०, २३०, काही तर ३३० वॅटपर्यंत जातात, आणि त्यांच्या विटा खरोखर विटेएवढ्या असतात.

पिनेची ध्रुवता पटकन उरकून टाकू. लेबलवर एक लहान चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, दोन्ही बाजूंना अधिक आणि उणे. ठिपक्याची रेघ अधिककडे जात असेल तर पिनेच्या आतली बाजू धन. लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळीकडे असंच असतं. तरी एकदा नजर टाका.

आता पिन. गोल पिनेची दोन मापं असतात, बाहेरचा व्यास आणि आतल्या भोकाचा. ५.५ गुणिले २.५ मिलिमीटर, ५.५ गुणिले १.७, ४.० गुणिले १.३५, ४.५ गुणिले ३.०, अशी ही जत्रा. बाहेरचं माप सारखं असलं की नुसतं बघून फरक कळत नाही. आतलं थोडं मोठं असेल तर पिन जाते, चार्जिंगही सुरू होतं, पण आत ती खुळखुळत असते. जरा हललं की संपर्क तुटतो, जुळतो, तिथे बारीक ठिणग्या पडतात. काही महिन्यांनी जॅकभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं. म्हणून माप काढण्याच्या फंदात पडण्यापेक्षा लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि जुन्या अडॅप्टरचा पार्ट नंबर घेऊन शोध घ्यावा. मालिकेच्या नावावर भागवू नका. एकाच मालिकेत दोन वर्षांच्या फरकानं पिन बदललेली असते.

व्होल्ट जुळले, अँपिअर जुळले, पिनही घट्ट बसली, तरी लॅपटॉप रुसू शकतो. डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेल्समध्ये ७.४ मिलिमीटरची जाड पिन असते आणि तिच्या मधोमध सुईसारखी एक बारीक काडी दिसते. पुष्कळांना वाटतं, वीज त्या सुईतून जाते. वीज जाते नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतीतून. सुई आहे ती ओळख पटवायला. डेलच्या अडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते. ती या सुईतून लॅपटॉपला सांगते, मी अमुक इतक्या वॅटचा आहे. एचपीच्या सुईचं कामही ओळख सांगणं हेच, पण तिची भाषा वेगळी. म्हणून १९.५ व्होल्टचा एचपीचा अडॅप्टर डेलमध्ये छान बसतो, लॅपटॉप सुरू होतो, आणि अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. मग डेल दोन गोष्टी करतो: बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतो. बिचाऱ्याचा नाइलाज असतो. समोरचा ४५चा आहे की १३०चा हे माहीतच नाही, तर जास्त ओढायचं कोणाच्या भरवशावर?

ही सूचना लोक एंटर दाबून पुढे ढकलतात आणि विसरतात. माझ्या एका मित्राचा लॅपटॉप असाच गोगलगाय झाला होता. त्यानं आधी व्हायरस शोधला, मग विंडोज नव्यानं टाकली. शेवटी अडॅप्टरची पिन हातात घेऊन उजेडात बघितली तेव्हा कळलं, मधली सुई वाकून बाजूला टेकली होती. अडॅप्टर कंपनीचाच होता, ओरिजिनल. म्हणजे हा आजार फक्त परक्या अडॅप्टरचा नाही. लेनोवोच्या चौकोनी, आतून पिवळ्या पिनेतही अशीच ओळखीची तार असते. ही पिन अंधुक उजेडात यूएसबीसारखी दिसते, पण तिचा यूएसबीशी काही संबंध नाही.

टाइप-सीनं चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर वरची निम्मी डोकेदुखी आपोआप जाते. तिथे चार्जर सुरुवातीला गप्प असतो. केबल जोडली की पलीकडे कोणीतरी आहे हे त्याला कळतं, तो ५ व्होल्ट सोडतो, आणि मग दोघांची बोलणी सुरू होतात. चार्जर आपल्याकडचा माल मांडतो: ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, प्रत्येकी इतके अँपिअर. लॅपटॉप म्हणतो, २० दे. बोलणी पूर्ण झाल्याशिवाय २० येत नाहीत. या पद्धतीचं नाव पॉवर डिलिव्हरी, रोजच्या बोलण्यात पीडी. त्यामुळे फोनचा पीडी चार्जर लॅपटॉपला लावला किंवा लॅपटॉपचा फोनला लावला तरी चुकीच्या व्होल्टची धास्ती नाही. मी तर दोन्हीला एकच वापरतो. गंमत म्हणजे असा चार्जर मल्टिमीटरनं तपासायला गेलात तर शून्य दाखवेल. तो मेलेला नसतो, त्याच्याशी बोलायला समोर कोणी नसतं.

पण टाइप-सी दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. पहिलं म्हणजे लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी भोक वीज घेतंच असं नाही. काही फक्त डेटासाठी असतात. शेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह असेल तर बरं, नाहीतर मॅन्युअल उघडा. दुसरं, फोनचे काही चार्जर ‘६५ वॅट’, ‘८० वॅट’ म्हणून मिरवतात, पण ते वॅट त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीनं आणि तिच्याच फोनला मिळतात. पीडीवर ते कमी देतात, कधी फारच कमी. ओळखायचं कसं? लेबलवरच्या आउटपुटच्या यादीत २० व्होल्टची नोंद शोधा. पुढे ३.२५ अँपिअर असतील तर तो लॅपटॉपसाठी ६५ वॅटचा. २०ची नोंदच नसेल तर २० व्होल्ट मागणाऱ्या लॅपटॉपसाठी त्याचा विचार सोडा. दोन-तीन भोकांचा चार्जर असेल तर छापलेले वॅट सगळ्यांत मिळून असतात. फोन शेजारी लावला की लॅपटॉपच्या वाट्याचे ६५ वरून ४५वर येऊ शकतात.

तिसरी गोष्ट केबल, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्याहून जास्त हवं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात एक चिप असते. ती चिप दिसली नाही की चार्जर १०० वॅटचा असला तरी ३ अँपिअरच्या वर जात नाही. २०२१ साली पीडीची नवी आवृत्ती आली, तिच्यात ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत सोय आहे, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघंही त्या दर्जाचे हवेत. लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ अशी सूचना देत असेल तर चार्जरला शिव्या देण्याआधी केबल बदलून बघा.

टाइप-सीचं गोल पिनेत रूपांतर करणाऱ्या छोट्या टोप्याही मिळतात. त्या चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतात आणि पुढे ढकलतात. १९.५ किंवा २०च्या साध्या लॅपटॉपला अडीअडचणीला चालून जातं. ओळख मागणाऱ्या डेल-एचपीला लावताना त्या ब्रँडसाठीच बनवलेली टोपी लागते, नाहीतर पुन्हा तीच सूचना आणि तीच गोगलगाय.

आठ-दहा पिना आणि व्होल्ट बदलायची सरकती कळ असलेले ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मला पटत नाहीत. बॅगेत घासून ती कळ १९ वरून २४वर सरकली की तुम्हाला कळणार कधी? घ्यायचाच असेल तर कळ नसलेला घ्या. रोजच्या वापराला मात्र आपल्या मॉडेलसाठी बनवलेलाच बरा, मग तो दुसऱ्या एखाद्या चांगल्या कंपनीचा ‘कंपॅटिबल’ असला तरी हरकत नाही. वजनावरून पारख करायची जुनी युक्ती आता फसते. गॅलियम नायट्राइडचे नवे चार्जर लहान आणि हलके असूनही उत्तम असतात.

जुना अडॅप्टर तीन पिनांचा आणि नवा दोन पिनांचा आला, तर धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकवल्यावर बारीक मुंग्या आल्यासारखं वाटू शकतं. अडॅप्टरच्या आत भिंतीकडच्या आणि लॅपटॉपकडच्या बाजूंमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडी वीज झिरपते. तिसरी पिन ती जमिनीत नेते. ती पिन नसली की तुमच्या हाताला जाणवते. धड अडॅप्टरमध्ये हे प्रमाण धोक्याच्या बरंच खाली ठेवलेलं असतं. पण मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर तो अडॅप्टर त्या क्षणी काढून टाका.

नवा आणल्यावर पहिला तास त्याला गादीवर, उशीखाली ठेवू नका. मोकळ्या टेबलावर ठेवा, बॅटरी अर्धी उतरवून चार्जिंग लावा, लॅपटॉपवर एखादं जड काम सुरू करा. तासाभरानं हात लावून बघा. कोमट किंवा बऱ्यापैकी गरम चालेल. हात पाच सेकंद ठेववत नसेल, किंवा वास येत असेल, किंवा चरचर ऐकू येत असेल, तर परत करायला न्या.

माझ्या ड्रॉवरमधल्या प्रत्येक अडॅप्टरच्या पिनेजवळ आता कागदी टेपची एकेक चिठ्ठी आहे: ‘राउटर १२’, ‘मॉनिटर १९’, ‘जुना डेल १९.५’. एकाचं लेबल घासून पार पांढरं झालं होतं आणि तो कशाचा, ते घरात कोणालाच आठवेना. त्याची पिन मात्र नव्या राउटरमध्ये मस्त बसत होती. तो भंगारात दिला.